दोन शिडांचं घर

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकानं संपतात तिथं उजव्या हाताला एक अरुंद गल्ली आत शिरते. तिच्या तोंडाशी आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर आमचं घर. खाली कनाती, ताडपत्र्या, मांडवाचे बांबू आणि दोन मशिनी; वर आम्ही तिघं. वडिलांना मी अब्बा म्हणायचे, बाकी सगळं मावळ त्यांना मास्तर म्हणायचं. लग्न असो, उरूस असो की गणपती, मांडव आमचाच लागायचा. अब्बांनी घातलेल्या मांडवात मान वर करून पाहिलं तर एकसुद्धा बांबू दिसायचा नाही. बांबूंचा सांगाडा वर आणि कापड त्याच्या खालून बांधलेलं, चापूनचोपून ताणलेलं. पाहुण्यांना कापड दिसलं पाहिजे, आमची मेहनत नाही, असं ते म्हणायचे. मला चालता येत नव्हतं तेव्हापासून मी हे ऐकत आले होते. त्यामुळं मांडव दुसऱ्या कुठल्या रीतीनं घालता येईल, हे कधी माझ्या मनातच आलं नाही.

वरच्या मजल्याची जमीन फळ्यांची होती. खाली मशीन चालू असली की अम्मीची हाक ऐकू यायची नाही, मग ती लाटणं फळीवर आपटायची. दोनदा आपटलं की चहा, तीनदा आपटलं की जेवण, आणि आपटतच राहिली तर समजायचं की अब्बा काहीतरी आणायला विसरलेत. आमच्या मागच्या भिंतीला लागून चिक्कीवाल्या शेठची भट्टी होती. दिवसभर गुळाच्या पाकाचा वास. मुंबईची गिऱ्हाइकं तो वास नाकात भरून घ्यायची आणि आमच्या नशिबाचा हेवा करायची; मला मात्र लहानपणापासून त्या वासानं मळमळतं. आजही घरात कुणी चिक्की आणली की मी आधी खिडकी उघडते. अम्मीचा त्यावर सोपा उपाय होता. पावसाळ्यात ती भर दुपारी सुके बोंबील भाजायला घ्यायची. मग शेठ आपली मागची खिडकी लावून घ्यायचे आणि आम्ही बोंबील, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी असं निवांत जेवायचो. हे युद्ध वीस वर्षं चाललं. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा त्यांच्याकडं जायचा आणि दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं, त्याबद्दल दोन्हीकडून कधी तक्रार नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बारावी झाली होती आणि मशीनवर बसले की अब्बांपेक्षा सरळ टीप मारायचे. ही बढाई नाही. अब्बा स्वतः गिऱ्हाइकांना हे सांगायचे आणि लगेच मला चहा करायला वर पिटाळायचे, डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. ती गेलेलीच होती. कापडातलं आपल्याला कळत नाही असं जगात काही उरलेलं नाही, असं मला मनापासून वाटायचं. आता केस पिकायला लागलेत आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, तरी त्या पोरीचा मला राग येत नाही. जरा जास्तच तोऱ्यात असायची, पण टीप खरोखर सरळ मारायची.

त्याच सुमारास आमच्याकडं शिडं यायला लागली. आरमारातून निवृत्त झालेले एक साहेब पवना धरणाच्या पाण्यावर मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवायचे. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. पुण्याहून ते जीपनं यायचे, पण नव्या एक्सप्रेसवेनं कधीच नाही. उर्स्याच्या टोलनाक्यावर रांगेत थांबायचं आणि वर पैसेही मोजायचे, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. फाटलेली शिडं ते आमच्याकडं शिवायला टाकायचे. शीड दिसायला सपाट तिकोनी दिसतं, पण सपाट नसतं. त्याच्या पट्ट्या कडेला किंचित गोलाई देऊन कापतात, म्हणजे सगळ्या जोडल्यावर मधोमध कापडाला पोट येतं. त्या पोटात वारा भरतो आणि होडी चालते. पहिलं शीड आलं तेव्हा अब्बांना वाटलं, कुणा अडाण्यानं शिवलंय. त्यांनी सगळा झोळ काढून ते झकास सपाट करून दिलं. ती होडी आठवडाभर काठ सोडेना. कॅप्टनसाहेब शीड घेऊन परत आले, दुकानात जमिनीवर मांडी घालून बसले आणि शिडाला पोट का लागतं हे त्यांनी आम्हा बापलेकीला तासभर समजावून सांगितलं. अब्बांनी कानाला खडा लावला आणि पुन्हा कुठल्या शिडाचं पोट काढलं नाही.

त्या पावसाळ्यात, लावणी ऐन भरात असताना, वडिवळ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून असलेल्या एका वाडीवर दरड आली. बारा घरं मातीखाली गेली. भर दुपारची वेळ होती आणि सगळी माणसं खाली खाचरांत लावणीला गेली होती म्हणून वाचली. तापानं घरी निजलेले एक आजोबा तेवढे गेले. उरलेल्यांना खालच्या गावातल्या शाळेत आणून ठेवलं. शाळेचे वर्ग किती दिवस अडवणार, म्हणून सगळ्यांना ट्रकनं तळेगावला न्यायचं आणि एका मोठ्या हॉलमध्ये ठेवायचं असं सरकारी माणसांनी ठरवलं. वाडीची माणसं जायला तयार नव्हती. रोपं वाढून चालली होती. आठवडाभरात ती खाचरात गेली नाहीत तर पुढं लावून उपयोग नव्हता. तळेगावला जाऊन बसलं तर लावणी कोण करणार आणि उरलेली जनावरं कोण बघणार? घर तर गेलंच होतं, आता वर्षाचं भातही जायची वेळ आली होती. त्यांना शेताजवळ, डोंगरापासून लांबच्या माळावर, फक्त डोकं टेकायला कोरडी जागा हवी होती.

कॅप्टनसाहेबांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जीप आणि मागं एक टेम्पो भरून जुनी शिडं आमच्या दारात आणून ओतली. उन्हानं विरलेली, ठिगळं लावलेली, पाठीवर होड्यांचे नंबर असलेली. क्लबातल्या लोकांनी एकेकानं आपापल्या अडगळीतून काढून दिलेली. ते म्हणाले, "मास्तर, यांना आता वारा पेलवत नाही. पाणी अजून अडवतील. बघा काही होतंय का." अब्बांनी दोन शिडं जमिनीवर पसरली, एकाचं टोक वर, दुसऱ्याचं खाली, आणि लांबट चौकोन झाला. दोन शिडांत एक घर झाकत होतं. आम्ही त्याच दिवशी तलाठी भाऊसाहेबांना भेटायला गेलो. पायात चिखलानं भरलेले बूट, तीन दिवस न झोपलेला माणूस. त्यांनी अब्बांना विचारलं की शिडाच्या कापडाचं छप्पर या पावसात टिकेल का, आणि अब्बांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "थेंब आत येणार नाही. मी सांगते." त्यांनी अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. एवढ्यावर भाऊसाहेबांनी ट्रक पाच दिवस पुढं ढकलला. बारा घरांचं वर्ष आता माझ्या बोलण्यावर अवलंबून आहे, हे मला तिथंच कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला जराही भीती वाटली नाही.

मग आमच्या घरात शिडांशिवाय दुसरं काही उरलं नाही. ते कापड कडक असतं, घडी घालताना पापडासारखं कडकडतं, आणि मशीनखालून ओढताना किरकिर करतं. दुकानात पसरायला जागा पुरेना म्हणून आम्ही ते गल्लीत पसरलं. पावसाची सर आली की शेठ स्वतः धावत येऊन एक टोक धरायचे आणि भट्टीच्या पडवीत ओढून घ्यायचे. शिवणींवर मेण घासायचं काम अम्मीनं घेतलं. स्वयंपाकाला वेळ नव्हता, चार दिवस तेच पिठलं आणि तीच भाकरी, आणि लाटण्याचा आवाज बंद. आज मी पवनेच्या बाजूला गेले की पाण्याच्या काठानं पर्यटकांच्या तंबूंच्या रांगा दिसतात. चांगली घरं सोडून माणसं पैसे देऊन चिखलात झोपायला येतात आणि सकाळी पाठ धरून हसत हसत फोटो काढतात. माझा मुलगा म्हणतो, अम्मी, तुला धंदा कळला नाही, तू फुकट तंबू वाटलेस. मी म्हणते, त्या वेळी तंबू घ्यायला आलेल्यांचे फोटो काढायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर पहिलं छप्पर उभं केलं. ते सुमनसाठी होतं. तिची मुलगी तीन महिन्यांची होती आणि शाळेच्या ओल्या फरशीवर ती सारखी खोकत होती. गेलेल्या आजोबांची सुमन ही सून. अब्बांनी आणि मी मांडव घालतो तसं छप्पर घातलं. चार खांब, वर बांबूंचा सांगाडा, एका बाजूला उतार, आणि शीड खालून बांधून चापूनचोपून ताणलेलं. आत उभं राहून वर पाहिलं तर एकही बांबू दिसत नव्हता, नुसतं पांढरं कापड आणि निळ्या आकड्यात होडीचा नंबर. एखाद्या शेठजीच्या मुलीच्या लग्नात शोभेल असं काम झालं होतं. सुमन पोरीला घेऊन आत येऊन बसली आणि बारा घरची माणसं भोवती उभी राहून बघत होती. मी सगळ्यांना दाखवत होते, हे बघा, ते बघा.

पाऊस वाढला. सपाट कापड असतं तर पाणी उतारानं वाहून गेलं असतं. पण शिडाला पोट होतं, आणि खालून बांधलेलं ते पोट खालीच लोंबत होतं. तासाभरात त्यात पखाल भरल्यासारखं पाणी साठलं. अब्बांनी काठीनं ढोसून ते बाहेर काढायला घेतलं आणि वरची एक गाठ सुटली. सगळं पाणी एकदम सुमनच्या आणि पोरीच्या अंगावर आलं. पोरगी घाबरून श्वास घ्यायचीच विसरली, मग टाहो फोडून रडली. सुमननं पोरीला पदरात गुंडाळलं आणि भर पावसात शाळेच्या वाटेला लागली. मला आधी राग आला, दोरीचा, वाऱ्याचा, कॅप्टनसाहेबांच्या शिडांचा. तो राग उतरल्यावर मात्र मला इतकी लाज वाटली की कुणाकडं बघवेना. भाऊसाहेबांना कुणीतरी कळवलं. ते छत्री घेऊन आले, पाहून गेले, आणि जाताना म्हणाले की उद्या दुपारी ट्रक येईल, सगळ्यांनी बोचकी बांधून ठेवावीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

अब्बा भिजलेल्या कापडाखाली उभे होते. तीस वर्षं मांडव घातले, असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात बांधावरून गंगूमावशी आली. गंगूमावशी म्हणजे सुमनची सासू, गेलेल्या आजोबांची बायको. नवऱ्याचं दहावं व्हायचं होतं, तरी ती सकाळपासून खाचरात होती. रोपांना सुतक कळत नाही, एवढंच ती त्याबद्दल बोलायची. वाडीतल्या तरुण बायका डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घ्यायच्या, पण गंगूमावशीच्या पाठीवर अजून इरलं होतं, बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, वर पानं घातलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारं. तिनं आमचा मांडव खालून पाहिला, मग वरून पाहिला.

"आगं पोरी, इरलं कुनी वरनं टांगून घेतं व्हय?" ती म्हणाली. "पाठ खालनं लागती त्याला. ह्याचं पोट वर काढा आन् खालनं पाठ द्या. मंग बघा पानी कुटं ऱ्हातंय."

आणि ती तिथंच चिखलात वाकली, लावणीला वाकतात तशी. पाऊस तिच्या पाठीवरच्या इरल्यावर पडत होता आणि दोन्ही बाजूंनी ओघळून जात होता. खाली तिचं लुगडं कोरडं होतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि खालून पाहिलं. कामट्यांची कमान आतून दिसत होती, ढळढळीत, लपवायचा कसलाही प्रयत्न न केलेली. आमच्या घरात तो गुन्हा होता. मी अब्बांकडं पाहिलं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, मांडवाची रीत सांगतील. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि स्वतः बांधलेल्या सगळ्या गाठी एकामागून एक कापल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही माळावर होतो. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी पहाटेपासून बसून बांबू चिरून लांब कामट्या काढून ठेवल्या होत्या. त्यांची दोन्ही टोकं जमिनीत रोवली, हातभर अंतरानं एकामागं एक कमानी उभ्या केल्या आणि त्यांच्यावरून शीड टाकलं. मी वाट बघत होते की कुठंतरी झोळ पडेल, कुठंतरी ओढावं लागेल. काहीच करावं लागलं नाही. कापडाचं पोट त्या कमानीवर असं बसलं की जणू मापच घेतलं होतं. कडा खाली ओढून दगड आणि चिखल लावला. अब्बा आत गेले, वर पाहिलं, सगळा सांगाडा उघडा पडलेला. मला म्हणाले, "शानू, लग्नाला हे चालायचं नाही." पण त्यांचा आवाज सुधारला होता.

वाडीतलं कुणी आत यायला तयार नव्हतं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी म्हणाले, मी बसते. अब्बांना वाटलं, पोरीची जात, परक्या गावात एकटी, लोक काय म्हणतील. पण ते काही बोलायच्या आत मी आत जाऊन मांडी घालून बसलेही होते. नऊच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. मावळातला लावणीचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. समोरचा डोंगर पुसून जातो आणि बोललेलं ऐकू येत नाही. डोक्यावर कापड असं वाजत होतं की मला आमच्या दोन्ही मशिनी एकदम चालू असल्यासारखं वाटत होतं. खाचरांतली माणसं मधूनच सरळ उभी राहून माझ्याकडं बघायची आणि परत वाकायची. मी दर थोड्या वेळानं जमिनीवरून तळवा फिरवायचे. माती कोरडी होती. बारा वाजता कोरडी, एक वाजता कोरडी. मधे गंगूमावशी आली, इरलं काढून दाराशी ठेवलं, आत येऊन कोपऱ्या-कोपऱ्यात हात फिरवून पाहिला, मला अर्धी भाकरी आणि चटणी दिली आणि परत खाचरात गेली. ती भाकरी मी कशी खाल्ली हे मला आठवत नाही, इतकी मी वर बघत होते.

दोनला खाली रस्त्यावर ट्रक येऊन थांबला. भाऊसाहेब वर आले, वाकून आत डोकावले, माझ्या कोरड्या कपड्यांकडं पाहिलं आणि बाहेर छत्रीखाली उभे राहिले. त्यांच्या मागून शाळेतली माणसं येत होती, डोक्यावर बोचकी, हातात भांडी, ट्रकमध्ये चढायच्या तयारीनं. सगळ्यांच्या पुढं सुमन होती. ती ट्रककडं वळली असती तर बाकीचे तिच्या मागोमाग गेले असते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती छपरापाशी थांबली. मग वाकून आत आली आणि माझ्यासमोर बसली. पाऊस चालूच होता. तिनं कापडाला हात लावायला हात वर केला, मी म्हणाले की आतून हात लावू नको, लावला की तिथून झिरपतं. तिनं हात खाली घेतला. बराच वेळ ती तशीच वर बघत बसली. मग तिनं बोचक्यातली घोंगडी काढली, जमिनीवर अंथरली, हातानं नीट केली आणि पोरीला तिच्यावर निजवलं.

"दूध पाजलंय," ती म्हणाली. "रडली तर हाक मार."

पदर कमरेला खोचून ती बाहेर गेली. भाऊसाहेबांच्या शेजारून, थांबलेल्या माणसांच्या मधून, बांध उतरून ती खाचरात गेली, सासूच्या शेजारी वाकली आणि रोपांची जुडी हातात घेतली. मी पोरीजवळ बसून तिच्याकडं बघत होते. एक ओळ लावून झाली, दुसरी झाली, पण सुमननं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.